खिशाला परवडणारी रायफल



वसंतातल्या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून रायफल कशी निवडावी यावर कोणी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. याच खुर्च्यांवर बसून आपण ज्ञानेश्वरी ऐकली असेल, अर्थसंकल्प ऐकला असेल; आणि आज हा गृहस्थ बंदुकीच्या गोष्टी सांगायला उभा! तेव्हा बंदूक मी बरोबर आणलेली नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी निर्धास्त बसावे.

पण विषय वाटतो तितका परका नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून असे तिन्ही प्रकारे नेम धरावयाची ही स्पर्धा आहे. त्याआधी २०१० साली म्युनिक येथे कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. शिवाय आपल्यापैकी कितीतरी जणांनी कॉलेजात असताना एन. सी. सी.च्या कँपात चटईवर पालथे पडून पॉइंट टू-टू रायफलीच्या पाच गोळ्या झाडलेल्या असतील. ते कागदावरचे निशाण अजूनही एखाद्याने घडी करून ठेवले असेल.

अशा वातावरणात दोन प्रकारची माणसे मला हटकून एकच प्रश्न विचारतात. एक म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे वडील: "पोराला नाद लागलाय, चांगली रायफल कोणती घेऊ? कर्ज काढावे लागले तरी चालेल." दुसरे म्हणजे नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना स्पर्धा जिंकायची नाही, पदक नको, आठवड्यातून एक सकाळ कागदावर नेम धरण्यात घालवावी एवढीच त्यांची इच्छा. दोघांनाही माझे उत्तर एकच असते: कर्ज काढू नका, आणि रायफल सर्वांत शेवटी घ्या. हे उत्तर ऐकून लोक हिरमुसतात. म्हणून त्यामागचा हिशेब आज मांडणार आहे.

आधी वस्तू कोणती ते ठरवू. निशाणावर नेम धरण्यासाठी बोल्ट असलेली रायफल घ्यावी हे जवळपास सर्वमान्य आहे. बोल्ट म्हणजे आपल्या दाराला असतो तोच. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलून खाली दाबली की नवे काडतूस नळीच्या तोंडाशी घट्ट बंद होते. बार उडतो त्या क्षणी या यंत्रात आतला छोटा खटका सोडला तर काहीही हलत नाही, म्हणून अचूकपणा स्वस्तात मिळतो. आपोआप भरणाऱ्या रायफलीत तोच अचूकपणा हवा असेल तर कारागिरीला जास्त पैसे मोजावे लागतात. दुसरा फायदा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट उघडावा लागतो, त्यामुळे माणूस दोन गोळ्यांच्या मध्ये थांबतो, श्वास घेतो, विचार करतो. घाईने दहा गोळ्या उडवणे म्हणजे नेमबाजी नव्हे, ती दिवाळी झाली.

काडतूस पॉइंट टू-टू लाँग रायफल. हे १८८७ सालापासून चालत आले आहे आणि अजून त्याला तोड नाही. गोळी चाळीस ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅम शिशाची. धक्का जवळजवळ नाही, आवाज बेताचा, काडतूस इतर कोणत्याही काडतुसापेक्षा स्वस्त. आपल्याकडे काही जण हौसेने पॉइंट थ्री-वन-फाइव्हची स्पोर्टिंग रायफल घेतात, कारण ईशापूरच्या कारखान्याची ती रायफल दुकानात नजरेस पडते आणि दिसायला भारदस्त असते. तिचे गुण असतील ते असोत. निशाणबाजी शिकण्यासाठी ती घेऊ नये. खांद्याला धक्का बसला की माणूस पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, आणि ही खोड एकदा लागली की जाता जात नाही. ईशापूरच्याच कारखान्याने पॉइंट टू-टूची बोल्ट रायफलही बनविलेली आहे. जुन्या परवान्यांवर चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनो आणि इंग्लंडच्या बी. एस. ए. या रायफलीही आपल्या गावांतून आढळतात. जर्मनीच्या आन्शुट्झ, वाल्थर या नामांकित रायफली बाहेरून मागवण्याची सवलत मुख्यतः नाव कमावलेल्या नेमबाजांसाठी आहे. आपल्या आजच्या विषयाशी त्यांचा संबंध थोडा, आणि का थोडा ते आता सांगतो.

थोडे गणित करू. घाबरू नका, सातवीपर्यंतचे आहे.

पन्नास मीटरवरच्या निशाणात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या लहानशा बटणाएवढे. रायफल शिकंजात घट्ट बसवली आणि दहा गोळ्या झाडल्या, तरी सगळ्या एकाच भोकातून जात नाहीत. त्यांचा एक पुंजका पडतो. साध्या पण धड रायफलीचा हा पुंजका सुमारे २५ मिलिमीटरचा आहे असे समजा. तिच्याहून कितीतरी महाग रायफलीचा त्याच्या निम्मा, १२ मिलिमीटरचा, असे समजा. आता उभे राहून नेम धरणारा नवशिका घ्या. त्याच्या हाताच्या थरथरीने पडणारा पुंजका १०० मिलिमीटर धरला तर मी त्याच्यावर उपकारच करतो आहे.

रायफलीची चूक आणि माणसाची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. कधी एक डावीकडे ओढते तेव्हा दुसरी उजवीकडे ओढते. म्हणून दोन्ही संख्यांचे वर्ग करून बेरीज करावयाची आणि तिचे वर्गमूळ काढावयाचे. शंभराचा वर्ग दहा हजार, पंचविसाचा सहाशे पंचवीस. बेरजेचे वर्गमूळ १०३. आता महाग रायफल त्याच्या हातात द्या. शंभराचा वर्ग दहा हजार, बाराचा एकशे चव्वेचाळीस, वर्गमूळ १०१. वडिलांनी कर्ज काढून मुलाला काय दिले? दोन मिलिमीटर!

हाच मुलगा दोन-तीन वर्षे मेहनत करून स्वतःची चूक २० मिलिमीटरपर्यंत खाली आणतो असे समजा. मग साध्या रायफलीने त्याचा पुंजका ३२ मिलिमीटरचा पडेल आणि महाग रायफलीने २३ मिलिमीटरचा. आता मात्र फरक डोळ्यांत भरतो; आता ती रायफल मागण्याचा त्याला अधिकार आहे, आणि तोवर बहुधा ती मिळण्याचे मार्गही उघडलेले असतात. शंभरावरून वीसवर तो आला कशाने? काडतुसांनी आणि शिकवणाऱ्याने. आठवड्याला पन्नास काडतुसे आणि वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर दोन हजार काडतुसे होतात. दुकानदाराने सांगितलेल्या भावाने त्याला गुणून पाहा. पॉइंट टू-टूचे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही, कारण त्याचा दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो आणि खटक्याने ती कड चेपून जाते. म्हणजे हा खर्च टळणारा नाही. हा आकडा बाजूला काढून जे उरेल ते रायफलीचे. बहुतेक लोक उलटे करतात. सगळे पैसे रायफलीत घालतात, मग काडतुसे परवडत नाहीत, रायफल कपाटात राहते आणि मुलगा क्रिकेटकडे वळतो. क्रिकेट वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, पण तेवढ्यासाठी घरावर कर्ज नको होते.

रायफल शेवटी घ्या म्हणतो त्याला कायद्याचेही कारण आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून रायफल बाळगणे हा गुन्हा आहे. मित्राच्या परवान्यावरची रायफल चार दिवस आपल्या घरी ठेवणे हाही गुन्हाच. परवान्यासाठी वयाची एकवीस वर्षे पुरी झालेली असावी लागतात. त्याहून लहान मुलांना देखरेखीखाली शिकण्याची सोय कायद्याने ठेवलेली आहे. पोलिस आयुक्तालय असेल तेथे आयुक्तांकडे, नसेल तेथे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा. २०१६च्या नियमांनी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षणही घ्यावे लागते, आणि ते घ्यावेच. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. याचा अर्थ असा, की चुकीची रायफल घेतली तर तुमच्या दोन जागांपैकी एक जागा अडून बसली. परवान्यावर काडतुसांचाही आकडा घातलेला असतो; वर्षाला किती मिळतील हे अर्ज करतानाच विचारून घ्यावे.

म्हणून आधी रायफल क्लबाचे सभासद व्हा. क्लबाची रायफल क्लबाच्याच मैदानावर झाडा. सहा महिने, वर्षभर. काहींना त्यातच कळून चुकेल की आपल्याला दहा मीटरची छर्ऱ्याची रायफलच पुरते, आणि तसे झाले तर उत्तमच. खर्चही वाचला आणि परवान्याची यातायातही बहुधा वाचली. ज्यांना तरीही पन्नास मीटरची गोडी लागेल त्यांना त्या वर्षात स्वतःच्या हाताची लांबी, मानेची ठेवण, चष्म्याचा नंबर या सगळ्या गोष्टी रायफलीच्या भाषेत कळलेल्या असतील.

आता दुकानात जाऊ. रायफल हातात आली की पहिली गोष्ट, बोल्ट उघडून आत काडतूस नाही हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा. दुकानदार "रिकामी आहे साहेब" म्हणाला तरी पाहा. त्याला राग येणार नाही. येत असेल तर दुसरे दुकान गाठा.

नंतर दस्ता. लाकडाची चकाकी पाहण्याआधी तो आपल्या अंगाला बसतो का ते पाहा. दस्त्याचे बूड कोपराच्या खोबणीत टेकवून हात पुढे केला तर तर्जनीचे पहिले पेर चापापर्यंत सहज पोहोचले पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींना, विशेषतः स्त्रियांना, परदेशी दस्ते लांब पडतात. मग मान पुढे काढावी लागते आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो. दस्ता जाणकार सुताराकडून कमी करता येतो, वाढवताना मात्र खटाटोप पडतो. आणखी एक परीक्षा आहे. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. मागचे भोक आणि पुढची माशी आपोआप समोर आली तर दस्ता तुमचा. मान वरखाली करून शोधावी लागली तर तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

चापाकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो. स्वस्त रायफलीत कारखानदार काटकसर करतो ती बहुधा येथेच. चांगला चाप बोट दाबत जाते तसा हलत नाही. ठरावीक दाब झाला की काचेची काडी मोडावी तसा सुटतो. वाईट चाप खडीच्या रस्त्यावरून बैलगाडी जावी तसा अडखळत येतो, आणि त्या अडखळण्यात रायफल निशाणावरून ढळते. थोडा जड चाप मी चालवून घेईन, खरखरीत घेणार नाही. मात्र पॉइंट टू-टूचा खटका रिकाम्या नळीवर पुन्हा पुन्हा पाडू नका. कित्येक रायफलींत तो नळीच्या कडेवर आदळून ती कड चेपतो. दुकानदाराला विचारून झाडलेल्या काडतुसाची रिकामी टोपी आत घालावी आणि मग चाप पाहावा.

नळीविषयी लोक फार काळजी करतात, आणि नेमकी चुकीच्या गोष्टीची. "किती गोळ्या झाडलेल्या आहेत?" असे विचारतात. पॉइंट टू-टूची शिशाची मऊ गोळी पोलादी नळीला फारशी झिजवीत नाही. नळी मरते ती गंजाने आणि अडाणी सफाईने. पुढच्या तोंडातून लोखंडी गज खुपसून वर्षानुवर्षे घासलेल्या नळीची शेवटची कड एका बाजूने झिजते. गोळी बाहेर पडताना तिच्यामागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी कलंडते. म्हणून जुनी रायफल घेताना तोंडाची कड भिंगातून पाहा, नळीतून उजेडाकडे पाहा, आणि आतले चरे तोंडापर्यंत स्वच्छ दिसले तर चाळीस वर्षांच्या ब्रनोला नाक मुरडू नका. तशी रायफल वारसाने मिळालेली, कोणी न वापरणारी असते आणि बऱ्याचदा रास्त भावाने मिळते. तिच्या हस्तांतराची नोंद मात्र परवाना देणाऱ्या कचेरीत रीतसर झाली पाहिजे. शब्दावर आणि स्टँपपेपरावर हे व्यवहार होत नसतात.

दुर्बीण घ्यावी का, असा प्रश्न येतोच. पहिल्या वर्षी घेऊ नये असे माझे मत आहे. मागे भोक आणि पुढे कडी असलेली साधी दृष्टी पुरते. हलकी दुर्बीण आदल्या आठवड्यातली जागा या आठवड्यात धरून ठेवीत नाही. ज्यांची नजरच कमी झाली आहे त्यांनी घ्यावी, पण ती जवळच्या अंतरासाठी, पन्नास मीटरच्या आसपास जुळवलेली आहे ना हे विचारावे. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी शंभर यार्डांवर जुळवलेल्या असतात. त्यातून जवळ पाहिले की डोळा जरा हलताच निशाणही हलल्यासारखे दिसते.

सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा दुकानात होत नाही, मैदानावर होते. शक्य असेल तेथे पैसे देण्याआधीच ती करावी. जुन्या रायफलीच्या बाबतीत मालकाने क्लबावर यावे एवढा आग्रह धरायला हरकत नाही. तीन-चार निरनिराळ्या प्रकारची काडतुसे आणा. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवा आणि वारा पडलेला असताना, म्हणजे सकाळी लवकर, प्रत्येक प्रकारच्या दहा गोळ्या झाडा. वारा पडलेला हवा, कारण ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा पन्नास मीटरवर ही हलकी गोळी सुमारे इंचभर बाजूला नेतो आणि बिचाऱ्या रायफलीला दोष लागतो. वेगवान काडतुसांच्या मोहात पडू नका. आवाजापेक्षा जास्त वेगाने निघालेली गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना डगमगते. निशाणासाठी त्या वेगाच्या आतलेच साधे काडतूस चांगले.

आणि गोळ्या दहाच झाडा, तीन नव्हेत. विकणारा माणूस खिशातून तीन भोकांचा कागद काढून दाखवतो, एका नाण्याखाली झाकेल असा. तीन गोळ्यांचा पुंजका नेहमीच लहान पडतो. ज्या रायफलीचा दहा गोळ्यांचा पुंजका सरासरी ४० मिलिमीटरचा, तिचाच तीन गोळ्यांचा सरासरी २५ मिलिमीटरचा येतो. पुन्हा पुन्हा तीन-तीन झाडून त्यांतला सर्वांत सुंदर कागद जपून ठेवला की झाले. त्यात लबाडी असतेच असे नाही. माणूस स्वतःच्या रायफलीवर प्रेम करतो आणि प्रेमात गणित राहत नाही.

कागद वाचायला शिका. पुंजका आडवा पसरला तर वारा किंवा चाप ओढण्याची खोड. उभा पसरला तर श्वास, नाहीतर काडतुसांचा कमीजास्त वेग. दोन वेगवेगळे पुंजके पडले तर दस्त्याचे स्क्रू ढिले आहेत का ते आधी पाहा. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते. एकाच रायफलीतून एका प्रकारच्या काडतुसाचा पुंजका दुसऱ्याच्या निम्मा पडलेला पाहून नवख्यांना आश्चर्य वाटते. पण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, आणि ती महाग काडतुसाचीच असते असे नाही. जे काडतूस तुमच्या गावच्या दुकानात वर्षभर मिळते त्याने रायफल धड वागली पाहिजे. साता समुद्रापलीकडून कधीतरी येणाऱ्या डबीनेच ती खूश होत असेल तर ती तुमच्या कामाची नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या हवेचा. परदेशी पुस्तकांत तो सापडत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर लाकडी दस्ता पाणी पितो आणि फुगतो. नळीला त्याचा एका बाजूने दाब लागला की मे महिन्यात जुळवलेली रायफल ऑगस्टमध्ये भलतीकडे मारते. म्हणून घेतानाच नळी आणि लाकूड यांच्यामध्ये पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद सरकवून पाहा. नळी जेथे बोल्टच्या घराला मिळते तेथपर्यंत तो न अडता गेला पाहिजे. पावसाळ्यात रायफल कापडी किंवा चामडी म्यानात ठेवू नका. ते ओल धरते. मैदानावरून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्या, आणि पुढच्या खेपेला झाडण्याआधी नळीतले तेल पुसून काढा. पहिल्या दोन-तीन गोळ्या तरीही इकडेतिकडे जातील, त्या मोजू नका. रायफल कुलपात, बोल्ट काढून दुसऱ्या कुलपात, काडतुसे तिसऱ्या जागी. किल्ल्या कोठे आहेत हे घरातल्या मुलांना ठाऊक असता कामा नये. मुलांना सगळे ठाऊक असते, म्हणून त्या किल्ल्यांची जागा मधूनमधून बदलत जा.